सुटलेले घर आणि राहिलेले भाडे

(मंडळाच्या सोलापूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी आयुष्यभर मुलांना गणित आणि मराठी शिकविले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कायद्याची पदवी माझ्याजवळ नाही. तेव्हा येथे बसलेल्या वकीलमंडळींनी माझे बोलणे शिक्षकाचे म्हणून ऐकावे, आणि ज्यांचे प्रकरण खरोखरच न्यायालयाच्या दारापर्यंत गेले आहे त्यांनी वकिलाचाच सल्ला घ्यावा, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

विषय साधा आहे. भाडेकरू घर सोडून गेला. मागे तीन-चार महिन्यांचे भाडे राहिले, विजेचे बिल राहिले, दार मोडले, बेसिन फुटले. आता हे पैसे कसे मिळवायचे? व्याख्यानास हा विषय थोडा रुक्ष वाटेल. परंतु आपल्या समाजातील किती घरांचा गाडा एक-दोन खोल्यांच्या भाड्यावर चालतो, हे ज्याचे त्याने मनाशी मोजून पाहावे. गिरण्यांचे भोंगे थांबले त्या काळात ज्यांनी भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून मागच्या अंगणात दोन खोल्या चढविल्या, त्यांच्या पत्नी आज त्याच खोल्यांच्या भाड्यावर औषधपाणी करीत आहेत. अशा माउलीचे तीन महिन्यांचे भाडे बुडणे म्हणजे तीन महिन्यांचा किराणा बुडणे होय.

आणि दुसरी बाजूही याच सभागृहात बसलेली आहे. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे स्वतः भाड्याने राहतात. यंत्रमागाचे काम मंदावले, विड्यांचा कच्चा माल मिळेना, घरात आजारपण आले, की पहिल्यांदा थांबते ते भाडे. म्हणून मी मालकाची वकिली करण्यास उभा नाही, आणि भाडेकरूचीही नाही. मी हिशेबाची वकिली करण्यास उभा आहे. माझे म्हणणे एका वाक्यात असे की, भाडे बुडते ते माणूस लबाड म्हणून फार थोड्या वेळा, आणि लेखी हिशेब नाही म्हणून पुष्कळ वेळा. आणि ते वसूल व्हायचे असेल तर हिशेबानेच होते, आरडाओरड्याने किंवा अब्रू घेऊन होत नाही.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तो इतिहासात दख्खनचे दंगे म्हणून प्रसिद्ध आहे. शेतकरी सावकारांच्या दारी गेले ते मुख्यतः कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यासाठी. किती घेतले, किती फेडले, याची पावती ऋणकोजवळ नाही आणि कागद सगळा धनकोच्या पेटीत, हेच त्या संतापाचे मूळ होते. त्यानंतर सरकारने १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट केला, आणि तो ज्या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला त्यांत पुणे, सातारा, अहमदनगर यांच्याबरोबर आपले सोलापूर होते. त्या कायद्यात काय होते? शेतकऱ्याने करून दिलेला दस्तऐवज नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर व्हावा. पैसे दिले की पावती मिळावी. हिशेबाचा उतारा मिळावा. दाव्यापूर्वी सलोखा करणाऱ्या गृहस्थांपुढे तडजोडीचा प्रयत्न व्हावा. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये. तो कायदा आता राहिला नाही. परंतु लेखी करार, पावती, सलोखा आणि माणुसकी ही त्याची चार सूत्रे आजच्या भाडे-व्यवहारालाही जशीच्या तशी लागू पडतात. त्याच क्रमाने मी पुढे बोलतो.

पहिले सूत्र, लेखी करार. आपल्या राज्यात पूर्वीचा १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने दिले असो वा ज्याला आपण लिव्ह अँड लायसन्स म्हणतो त्या पद्धतीने दिले असो, करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार असला म्हणजे नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे सर्रास आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. परंतु शिक्षेपेक्षाही महत्त्वाचे पुढेच आहे. असा करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले याविषयी भाडेकरू जे म्हणेल तेच, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे भाडे चार हजार ठरले होते असे मालक म्हणतो, भाडेकरू म्हणतो अडीच हजार. कागद नसेल तर ओझे मालकाच्या शिरावर.

करारासोबत आणखी एक कागद असावा. त्याला मी ताबा-यादी म्हणतो. घर देताना दारे किती, कड्या-कोयंडे कसे, शहाबादी फरशी कोठे तडकलेली आहे, नळ किती, पंखे किती, विजेच्या मीटरचा आकडा काय, हे सर्व एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. हल्ली प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे. त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढावे. ज्याने हे केले नाही त्याने पुढे नुकसानभरपाई मागणे म्हणजे वरातीमागून घोडे. कारण भाडेकरू एकच प्रश्न विचारतो, "हे मी येण्यापूर्वीच मोडलेले नव्हते कशावरून?" आणि त्याला उत्तर नसते.

दुसरे सूत्र, पावती. भाडे घेतले की पावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. न देणे हा गुन्हा आहे. काही मंडळींना वाटते, पावती दिली की भाडेकरूचा हक्क निर्माण होतो. खरे तर पावती-पुस्तकाचे स्थळप्रतींचे पान हाच मालकाचा सर्वांत मोठा साक्षीदार. ज्या महिन्यांच्या पावत्या फाडलेल्या आहेत ते महिने फिटले, ज्यांच्या नाहीत ते राहिले. एवढे स्वच्छ खाते दुसरे कोणते?

आता घर सुटण्याचा दिवस. या दिवशी मालक आणि भाडेकरू दोघांनी मिळून ताबा-यादी हाती घेऊन घरातून एक फेरी मारावी. येथे एक कळीचा प्रश्न उभा राहतो: नुकसान कशाला म्हणावे? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ चा आशय असा आहे की, भाडेकरूने घर जसे घेतले तशाच स्थितीत परत करावे. मात्र वाजवी वापराने होणारी झीज आणि अनिवार आपत्तीने झालेला बदल यांची जबाबदारी त्याच्यावर नाही.

सोलापूरच्या घरांतील उदाहरणेच घेऊ. उन्हाळ्यात पारा चढला की खिडकीत कूलर बसतो. कूलरसाठी चौकट कापली असेल तर ते नुकसान. कूलरचे पाणी झिरपून भिंत पार पोखरली, आणि सांगूनही लक्ष दिले नाही, तर तेही नुकसान. पण चार वर्षांत चुन्याचा रंग फिका पडला, ती झीज. नळाच्या तोटीवर बोअरच्या पाण्याचे क्षार साचले, ती झीज. पाणी काही दिवसांआड येते म्हणून हौद सतत भरलेला राहिला आणि त्याच्या गिलाव्याला ओल आली, तीही झीजच. जुन्या घरांचे माळवद गळून भिंतीला पोपडे आले, तर ती मालकाचीच उणीव. कारण घर दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य १९९९ च्या अधिनियमाने मालकावर टाकलेले आहे.

आणखी एक उदाहरण खास आपल्या पूर्व भागातील. हातमागासाठी जमिनीत खड्डा घ्यावा लागतो. यंत्रमाग बसविला की जमिनीत बोल्ट रोवावे लागतात आणि रात्रंदिवस हादरे बसून भिंतींना चिरा पडतात. हे नुकसान की झीज? उत्तर करारात आहे. जागा मागासाठीच दिली असेल तर मागाचे हादरे हा त्या वापराचा स्वाभाविक परिणाम. मालकाने तो भाडे ठरवितानाच गृहीत धरायला हवा होता. जागा केवळ राहण्यासाठी दिली आणि भाडेकरूने परस्पर माग थाटला, तर जमीन पूर्ववत करून देण्याचा खर्च त्याचा. म्हणून करारात "राहण्यासाठी" की "मागासाठी" हा एक शब्द लिहिण्यास विसरू नये. त्या एका शब्दाची किंमत पुढे हजारोंनी होते.

शिक्षकाच्या सवयीप्रमाणे मी आता फळ्यावर एक उदाहरण सोडवून दाखवितो. समजा, भाडे दरमहा ४,००० रुपये. तीन महिन्यांचे राहिले, म्हणजे १२,०००. विजेचे बिल १,१५०. मोडलेल्या दाराची दुरुस्ती १,८००. कूलरसाठी कापलेली चौकट २,२००. फुटलेले बेसिन: नवे घेण्यास २,४०० लागतात, परंतु जुन्याचे निम्मे आयुष्य सरलेले होते, म्हणून १,२०० च धरावेत. जुने गेले म्हणून भाडेकरूच्या पैशाने नवे बसविणे ही भरपाई नव्हे, तो नफा झाला. घराच्या रंगाला ९,००० लागणार आहेत. पण मागचा रंग चार वर्षांपूर्वीचा, म्हणून त्यातील एक पैही मागू नये. बेरीज १८,३५०. यातून अनामत रक्कम, म्हणजे डिपॉझिट, १०,००० वजा. बाकी ८,३५०.

या हिशेबातले प्रत्येक कलम कागदाने सिद्ध झाले पाहिजे. सुताराचे बिल, गवंड्याचा अंदाज, महावितरणचे देयक, घर सोडण्याच्या दिवशीचा मीटरचा आकडा. विजेविषयी एक सूचना: मीटर मालकाच्या नावे असेल तर थकबाकीची मागणी मालकाकडेच येणार, म्हणून शेवटचे बिल चुकते झाल्याखेरीज अनामत रकमेचा हिशेब मिटवू नये. आणि अनामतीतून काही कापले तर का कापले, याचा लेखी तपशील भाडेकरूला द्यावा. "डिपॉझिट विसरा" असे म्हणून दार लावून घेणारा मालक आणि भाडे बुडवून रातोरात जाणारा भाडेकरू, हे दोघेही एकाच माळेचे मणी होत.

तिसरे सूत्र, सलोखा. हिशेब तयार झाला की भाडेकरूच्या नव्या पत्त्यावर एक पत्र पाठवावे. पोस्टाची पोहोच मिळेल अशा रीतीने पाठवावे आणि प्रत आपल्याजवळ ठेवावी. पत्राची भाषा सौम्य असावी. रक्कम, तिचा तपशील, पैसे देण्याची मुदत, आणि एकरकमी शक्य नसेल तर हप्त्यांची तयारी, एवढेच लिहावे. वरच्या उदाहरणातील ८,३५० रुपये दरमहा हजाराप्रमाणे आठ हप्त्यांत आणि नववा हप्ता ३५० चा, असे सहज फिटतात. पुष्कळ माणसे पैसे देत नाहीत ती एकदम देता येत नाहीत म्हणून; वाट दाखविली की चालू लागतात.

मात्र सौम्यपणा वेगळा आणि ढिलाई वेगळी. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे थकलेल्या भाड्याचा दावा ते भाडे देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लावला पाहिजे. आणि प्रत्येक महिन्याच्या भाड्याची मुदत स्वतंत्रपणे मोजली जाते. जून २०२४ चे भाडे ५ जूनला देय असेल, तर त्याची मुदत जून २०२७ मध्ये संपते. जुलैचे त्यापुढे एक महिन्याने. कराराचा भंग होऊन झालेल्या नुकसानीलाही तीन वर्षांचीच मुदत आहे. "देतो, देतो" या तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी भाडेकरूने सही करून देणे मान्य केले, किंवा काही रक्कम दिली आणि तशी लेखी नोंद त्याच्या हस्ताक्षरात वा सहीने झाली, तर मात्र तेथून नवी मुदत सुरू होते. म्हणून पहिला हप्ता घेताना एकूण बाकी लिहून सही घ्यावी. व्हॉट्सॲपवर त्याने बाकी मान्य केली असेल तर तो संदेश पुसू नये आणि तो मोबाईलही विकू नये. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाप्रमाणे असा पुरावा ठरावीक प्रमाणपत्रासह सादर करता येतो.

पत्राने काम झाले नाही तर एकदम दाव्याकडे धावू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून दावा लावण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत नेता येते. दोघांच्या संमतीने तेथे जो निवाडा होतो त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. आणि भगिनींनो, हे आपण विशेष लक्षात ठेवावे: या अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. औद्योगिक कामगारालाही तो हक्क आहे. म्हणजे विधवा घरमालकीण आणि कामगार भाडेकरू, दोघेही वकिलाच्या खर्चाच्या भीतीवाचून त्या दारी जाऊ शकतात. हे घरोघरी सांगितले गेले पाहिजे.

सलोखा नाहीच झाला तर दावा. भाडेकरू पुण्या-मुंबईस गेला तरी घर सोलापुरात असल्यामुळे दावा येथेच लावता येतो, आणि हुकूमनामा बजावणीसाठी दुसऱ्या न्यायालयाकडे पाठविता येतो. हुकूमनाम्याच्या बजावणीस बारा वर्षांची मुदत आहे. तथापि दावा लावण्यापूर्वी गणित पुन्हा एकदा मांडावे. आठ हजारांसाठी किती तारखा, किती खेपा, किती खर्च? रक्कम मोठी असेल आणि समोरचा देण्यास समर्थ असून टाळीत असेल, तर दावा अवश्य लावावा. कधी कधी न्यायासाठी तसे करणे कर्तव्यच ठरते. परंतु केवळ राग शमविण्यासाठी न्यायालयात जाऊ नये.

चौथे सूत्र, माणुसकी. बजावणीतही कायद्याने काही मर्यादा घातल्या आहेत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारे यांची जप्ती होत नाही. १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ गरिबीमुळे जो देणे देऊ शकत नाही त्याला तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून दुष्ट बुद्धीने टाळणाऱ्याची गोष्ट निराळी. न्यायालय जे करीत नाही ते आपण कसे करावे? भाडेकरूचा माग किंवा शिवणयंत्र अडवून ठेवणे, राहत्या भाडेकरूचे पाणी अगर वीज तोडणे, चार माणसे घेऊन त्याच्या कामाच्या ठिकाणी जाऊन ओरडणे, या मार्गांनी वसुली तर होत नाहीच, उलट मालकच आरोपी ठरतो.

येथे मला एका नाजूक गोष्टीला हात घालावा लागतो. काही तरुण मंडळींची सूचना आहे की, भाडे बुडविणाऱ्या ज्ञातिबांधवांची नावे वार्षिक सभेत वाचावीत, आणि बाकी फिटेपर्यंत त्यांना कार्यालय लग्नाला देऊ नये. सूचनेमागील तळमळ मी जाणतो. परंतु तसे करणे उचित नाही आणि कायदेशीरही नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र अधिनियम केला आहे. असा बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी बापाने भाडे थकविले म्हणून मुलीच्या लग्नाला मांडव नाकारणारी संस्था ज्ञातीची माय कशी म्हणविणार?

दुसरी एक समजूतही मला खोडून काढावयाची आहे. एकदा पोळलेले लोक म्हणतात, यापुढे घर आपल्याच माणसांना द्यायचे, परक्याला नाही. परंतु आपलेपणा हे तारण नव्हे. उलट आपला म्हणून करार केला नाही, आपला म्हणून पावती फाडली नाही, आपला म्हणून मुदत उलटेपर्यंत विचारले नाही, अशी प्रकरणेच अधिक विकोपास जातात. पैसाही जातो आणि नातेही. या शहरात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या घरांत भाड्याने राहत आले आहेत. लेखी हिशेब ठेवला तर परका माणूसही विश्वासाचा होतो. न ठेवला तर सख्खा भाऊही परका होतो.

मग मंडळाने काय करावे? माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, पावती-पुस्तक, ताबा-यादी आणि अखेरच्या हिशेबाचा नमुना छापून नाममात्र किमतीत सर्वांना द्यावा. दुसरी, आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी तीन सेवाभावी व्यक्तींनी कार्यालयात बसावे: एक हिशेब जाणणारा, एक बांधकामाचे दर जाणणारा, आणि एक भगिनी. त्यांनी निवाडा करू नये, दंड ठोठावू नये, कोणास बोलावणे धाडू नये. जो आपण होऊन येईल, मालक असो वा भाडेकरू, कोणत्याही जातीचा असो, त्याला हिशेब मांडून द्यावा आणि पत्र लिहून द्यावे. तिसरी, ज्या भगिनीला एकटीने जाण्याचा संकोच वाटतो तिच्यासोबत विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयापर्यंत कोणी तरी जावे. एवढ्याने पुष्कळ होईल.

मंडळी, घर भाड्याने देणे हा व्यवहार आहेच. पण आपल्या छपराखाली दुसऱ्याचा संसार चालू देणे, हीही त्याची एक बाजू आहे. घरातून संसार निघताना हिशेब चुकता व्हावा, किल्ली हाती यावी, आणि जाणाऱ्याने पुन्हा कधी रस्त्यात भेटल्यास तोंड चुकवू नये, यातच दोघांची प्रतिष्ठा आहे. बाकी वसूल झाली आणि माणूस तुटला, तर ती वसुली अपुरी; माणुसकीच्या नावाखाली म्हातारीचे भाडे बुडाले, तर ती माणुसकीही खोटी. दोन्ही साधण्याचे साधन एकच आहे, आणि ते म्हणजे वेळेवर लिहिलेला, दोघांच्या सहीचा स्वच्छ कागद.